वांग, ऊन आणि यंत्रातला उजेड

नव्या पेठेतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर दोन रंगीत पत्रकं शेजारी शेजारी ठेवून नणंद-भावजय हिशेब करत होत्या. एकावर ‘आयपीएल फोटोफेशियल’, दुसऱ्यावर ‘क्यू-स्विच लेझर टोनिंग’. भावजयीच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग चांगलाच पसरलेला. “वहिनी, ह्यात सहा सिटिंग हायत, त्यात पाचच. पैसे तेवढेच. सहावालं घेऊ की,” नणंद म्हणाली. वहिनींनी पदरानं घाम टिपत विचारलं, “पण त्यानं भाजत-बिजत नाही ना गं?” उत्तर दिलं ते काउंटरमागच्या पोरानं, गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापता कापता. “नाही ओ ताई, उजेडच असतोय तो.”

उजेडच असतोय. पण वांग आणतो तोही उजेडच. सोलापूरच्या उन्हाचं वर्णन सोलापूरकराला ऐकवण्यात अर्थ नाही; गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उतरले की थंडी सरते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसतो. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्या स्कूट्या बघाव्यात. डोळ्यांपुरती फट सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये, हातांना कोपरापर्यंत मोजे. एवढं करूनही वांग वाढतो तेव्हा बायका वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं रास्त आहे. अतिनील किरणांच्या जोडीला साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातला निळा-जांभळा भागही आपल्या सावळ्या त्वचेत रंग चढवतो. तो पातळ स्कार्फातून झिरपतो, खिडकीच्या काचेतून आत येतो. नेहमीच्या सनस्क्रीनमध्ये त्याला अडवणारं फारसं काही नसतं. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. शिवाय नुसती उष्णताही वांगाला पोसते. सोलापूरची कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर गावोगाव जाते. ती थापणाऱ्या-भाजणाऱ्या बाईचं तोंड रोज कित्येक तास जाळासमोर असतं. ‘मी तर उन्हात जातच नाही’ हे तिचं म्हणणं खरं असतं आणि वांग वाढतो हेही खरं असतं. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आईला-मावशीला असलेला वांग, ही कारणं वेगळीच. त्यांच्यावर कुठलंही यंत्र चालत नाही.

मग सहा सिटिंग की पाच, याच्या कितीतरी आधी विचारायला हवं ते कुणीच विचारलं नव्हतं: गालावर आहे तो नक्की वांगच का?

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. गालांवर जोडीनं, कडा पुसट असलेला तपकिरी पट्टा हा बहुतेक वेळा वांग. मुरूम गेल्यावर मागे राहिलेले ठिपके ही दाह होऊन गेल्याची खूण. ते महिन्यांच्या हिशेबात आपोआपही फिके होतात. लहानपणापासून एकाच बाजूला, डोळ्याभोवती आणि कपाळाच्या कडेला निळसर-राखाडी छटा असेल, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातसुद्धा, तर तो ‘ओटाचा नीव्हस’ नावाचा डाग. वय वाढेल तसे गालांवर उगवणारे, हाताला लागणारे बारीक काळे उंचवटे ही वेगळीच जात. ते सहसा बारीक विद्युत-दाहानं काढतात आणि त्यासाठी टोनिंगचं पॅकेज विकणं ही शुद्ध लूट आहे. कपाळावर कुंकवाच्या जागी किंवा केसांच्या रेषेलगत राखाडी-काळं पडत चाललं असेल तर आधी कुंकू नाहीतर केसांचा डाय बंद करून बघायचा. त्यातल्या रंगद्रव्याची अॅलर्जी चालूच राहिली, तर लेझरनं काढलेला रंग पुन्हा भरतो. मानेवरचा जाड, मखमली काळेपणा तर कातडीचा आजार कमी आणि वाढलेल्या इन्शुलिनचा निरोप जास्त. तिथे लेझर मारण्याऐवजी उपाशीपोटीची साखर तपासावी, वजन बघावं. आणि एखादा तीळ अलीकडे वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल, तर त्यावर उजेडाचा एकही शॉट पडता कामा नये. वरचा रंग निघून जातो, खालचा आजार तसाच राहतो आणि पुढे ओळखायला अवघड होऊन बसतो.

ही ओळख पटवायला फार मोठं यंत्र लागत नाही. त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, टेकवून बघतात. कधी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्प धरतात, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील दिवा. रंग वरच्या थरात असेल तर त्या दिव्याखाली डाग उठून दिसतो, खोलवर असेल तर उठत नाही. बहुतेकांचा वांग मिश्र निघतो, आणि फार सावळ्या त्वचेवर हा दिवा फारसं काही सांगतही नाही. तरी ही दहा मिनिटं ज्या दवाखान्यात मिळत नाहीत आणि थेट दरपत्रकच पुढे येतं, तिथून उठलेलं बरं.

आता यंत्रांकडे. सगळ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडलं. ज्या रंगाला फोडायचंय तो शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडायची आणि तो कण थंड व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात सगळी ऊर्जा द्यायची. म्हणजे उष्णता शेजारी पसरायच्या आत कण फुटतो. रंगाचा कण, मेलॅनोसोम, साधारण एका मायक्रॉनचा. तो एका मायक्रोसेकंदाच्या आतच थंड होतो. क्यू-स्विच लेझरचा एक ठोका ५ ते १० नॅनोसेकंदांचा असतो, म्हणून कण फुटतो आणि आजूबाजूचं बरंचसं शाबूत राहतं. आयपीएलचा, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’चा, ठोका मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सुमारे दहा लाख पटींनी लांब. तेवढ्यात उष्णता कणातून पेशीत, पेशीतून आख्ख्या थरात जाते. तापल्या तव्याला बोट लागून लगेच मागे येणं आणि तळहात टेकून राहणं, इतका हा फरक.

आयपीएल हे लेझर नव्हेच. झेनॉनचा फ्लॅश-दिवा, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा एकदम बाहेर टाकणारा. पुढे फिल्टर लावून त्यातला खालचा भाग कापायचा. ५१५ चा फिल्टर, ५६०, ५९०, ६४० असे. आकडा जितका लहान तितका उजेड मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, अधिक शोषून घेतं. गोऱ्यापान युरोपीय चेहऱ्यावरच्या उन्हाच्या ठिपक्यांवर हे यंत्र सुंदर चालतं: डाग गडद होतो, कॉफीच्या चुऱ्यासारखा दिसतो आणि आठवड्याभरात गळून पडतो. कारण तिथे डागात रंग असतो आणि भोवतालच्या त्वचेत जवळजवळ नसतो. त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ पासून रुजवलेल्या, त्वचेच्या रंगाच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या पायरीवर येतात. आपल्या कातडीत डाग आणि पार्श्वभूमी दोन्ही रंगीत. यंत्राला फरक कळत नाही, ते दोघांनाही तापवतं. मग हँडपीसच्या टोकाच्या मापाचे, आयताकृती, कडा आखल्यासारखे भाजल्याचे डाग उमटतात. अशी चौकट गालावर दिसली की काय घडलंय हे वेगळं विचारावं लागत नाही. बहुधा जेलचा थर विरळ होता, टोक पुरेसं गार नव्हतं, एकावर एक शॉट पडले, फिल्टर खालचा लावला होता, किंवा बाई दोन दिवसांपूर्वी तुळजापूरला पायी जाऊन रापून आली होती. रापलेल्या त्वचेवर उजेडाचा शॉट देऊ नये, हा नियम आयपीएलला सगळ्यात कडक लागू होतो.

वांगासाठी आयपीएल, तेही सोलापुरात आणि सावळ्या गालावर, ही निवड मला पटत नाही. अनुभवी हातात, वरचा फिल्टर, कमी ऊर्जा, दोन शॉटांमध्ये गार करायला वेळ असं सांभाळून करणारे डॉक्टर आहेत, पण पत्रकावरच्या स्वस्त सिटिंगमध्ये तो सांभाळ धरलेला नसतो. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक भानगड होते. दाढीच्या भागावरून आयपीएल फिरवलं तर केसांच्या मुळांतला रंगही तापतो आणि दाढी ठिगळासारखी विरळ होते. बायकांच्या गालावर कधी उलटंच घडतं, बारीक लव होती तिथे जाडसर केस येतात. ऑनलाइन मिळणारी घरगुती आयपीएल यंत्रं केस काढण्यासाठी असतात. त्वचेचा रंग गडद दिसला की त्यांचा सेन्सर शॉटच देत नाही, आणि देत नाही ते बरंच. तीच यंत्रं डागावर टेकवणं म्हणजे जिथे रंग सर्वाधिक तिथे मुद्दाम भाजणं.

क्यू-स्विच एनडी-याग यंत्रातून दोन तरंगलांबी निघतात, ५३२ आणि १०६४. पहिली हिरवी, वरवर थांबणारी, मेलॅनिनला आणि रक्तालाही पकडणारी. दुसरी डोळ्यांना न दिसणारी, खोल जाणारी, मेलॅनिनला कमी पकडणारी आणि म्हणूनच आपल्या रंगाला अधिक सुरक्षित. उन्हाचे सुटे, कडा स्पष्ट असलेले ठिपके ५३२ नं एक-दोन सिटिंगमध्ये निघू शकतात. शॉट पडताक्षणी जागा पांढुरकी होते, वीसेक मिनिटांत ती पांढरी झाक जाते. रक्ताचे सूक्ष्म थेंब दिसले तर ऊर्जा जास्त झाली असं समजायचं. पाच ते सात दिवसांत चेहऱ्यावरची खपली पडते. खरा धोका त्यानंतर. दोन ते चार आठवड्यांनी त्याच जागी आधीपेक्षा काळा डाग उगवू शकतो, कारण सावळी त्वचा प्रत्येक इजेला रंगानं उत्तर देते. ओटाच्या नीव्हसला मात्र १०६४ हा मनापासून सुचवावा असा उपाय आहे. दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर, बऱ्याच सिटिंग, भरपूर धीर. पण गेलेला रंग सहसा परतत नाही. उजेडाच्या उपचारांत इतकं समाधान फार थोड्या ठिकाणी मिळतं.

वांगाचं तसं नाही.

वांगासाठी जे ‘टोनिंग’ विकलं जातं तेही १०६४ च, पण हळुवार: सहा-आठ मिलिमीटरचा मोठा ठिपका, चौरस सेंटिमीटरला साधारण १ ते ३ ज्यूल ऊर्जा, सेकंदाला दहा ठोके, चेहऱ्यावरून हात सरकता ठेवत काही फेऱ्या. हलकी गुलाबी झाक आली की थांबायचं. पांढरं पडता कामा नये, खपली धरता कामा नये. आठवड्या-पंधरवड्यानं एक, अशा आठ-दहा सिटिंग. तिसऱ्या-चौथ्या सिटिंगला चेहरा खरोखर उजळ दिसतो आणि तिथेच माणूस अडकतो, कारण थांबल्यावर काही महिन्यांत वांग परत डोकावतो. रंग फोडला, पण रंग बनवणारी पेशी तितकीच चिडलेली राहिली. मग ‘मेंटेनन्स’च्या नावाखाली सिटिंग वाढत जातात, आणि फार झाल्या की वांगाच्या मधोमध ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके उमटतात. काळा डाग फिका करायला निघालेल्या बाईला आता दोन्ही रंग सांभाळावे लागतात. हे पांढरे ठिपके भरायला वर्षं लागू शकतात, कधी भरतही नाहीत. म्हणून प्रत्येक सिटिंगच्या आधी चेहरा वुड्स लॅम्पखाली बघावा. पहिला पांढरा ठिपका दिसला की टोनिंग तिथेच बंद. पिको लेझरचा ठोका आणखी लहान, काहीशे पिकोसेकंदांचा. उष्णता कमी, दर जास्त, आणि वांगाचा परत यायचा स्वभाव तोच. फ्रॅक्शनल सीओटू लेझर मुरमांच्या खड्ड्यांसाठी ठेवावं, वांगावर नको.

माझ्या मते वांगात लेझर ही तिसरी पायरी आहे. पहिली म्हणजे सावली आणि टिंटेड सनस्क्रीन: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा-मानेला, दर दोन-तीन तासांनी. दुसरी म्हणजे डॉक्टरनं ठरवून दिलेलं मलम, गरजेप्रमाणे ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या. त्या रक्त गोठण्याशी संबंधित असल्यानं पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, पक्षाघात झालेला असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगायलाच हवं. या दोन पायऱ्या दोन-तीन महिने नीट पाळल्यावर उरलेल्या रंगासाठी यंत्र. पण मेडिकलमध्ये ‘गोरं व्हायची ट्यूब’ मागणारी गर्दी दुसऱ्या पायरीला वेगळंच वळण देते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ती ट्यूब डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती वर्षानुवर्षं लावली जाते. मोमेटासोन हे स्टेरॉइड. अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं, काउंटरवर फारसा फरक पडलेला दिसत नाही. त्या ट्यूबनं कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, ट्यूब सोडली की तोंड भगभगतं. अशा तोंडावर लेझर म्हणजे आगीत तेल. ती ट्यूब कधीपासून लावली हे दवाखान्यात लपवू नये. कुणी रागावलं तर रागावू द्यावं.

पार्लरमधल्या रंगीबेरंगी एलईडी मास्कबद्दल थोडंसं. मुरमांसाठी त्यात निळा दिवा लावतात, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा. नेमका हाच पट्टा सावळ्या त्वचेत टिकाऊ रंग चढवतो असं दिसून आलं आहे. वांग असलेल्या बाईनं त्या मुखवट्याखाली वीस मिनिटं पडून राहणं म्हणजे पैसे देऊन ऊन विकत घेणं.

उजेडाचा उपचार उलट दिशेनंही जातो, रंग काढायला नाही तर आणायला. कोडासाठी नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा अरुंद पट्टा, ३११-३१३ नॅनोमीटर. आठवड्याला दोन-तीनदा, लागोपाठचे दिवस टाळून, सुरुवात अगदी थोड्या मात्रेनं आणि दरवेळी दहा-वीस टक्के वाढ, दुसऱ्या दिवशी डागावर फिकट गुलाबी झाक टिकेल इथपर्यंत. डोळ्यांवर गॉगल हवाच, पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. चेहरा लवकर प्रतिसाद देतो, बोटांची टोकं आणि पावलं फार हट्टी. महिनाभरानं ‘काही होत नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. इथे निदान सहा महिने धरून चालावं लागतं. थोडेच डाग असतील तर ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर उजेड तेवढ्याच जागेवर देता येतो. आणि बावचीचं तेल चोळून छतावर उन्हात बसायचा जुना उपाय इथे अजून ऐकू येतो. बावचीत सोरॅलेन नावाचं रसायन असतं, ते अतिनील किरणांनी पेटतं. मेच्या उन्हात काही मिनिटं जास्त झाली तरी पाण्यानं भरलेले फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं.

लेझर करायचंच ठरलं तर तयारीत घाई चालत नाही. ट्रेटिनोइनसारखं मलम आठवडाभर आधी बंद. ब्लीच, वॅक्स, थ्रेडिंग त्या आठवड्यात नाही. ओठावर ताप-फोड येण्याची सवय असेल तर आधी सांगायचं. त्या दिवशी तोंडावर पावडरचा कणही नको, कारण पावडरही तापते. डोळ्यांवर घट्ट बसणारं कवच. नुसता कापूस ठेवणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणायचं. एकाच जागी, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, नाहीतर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही यावर नुसता वाद होतो. भुवया किंवा ओठ कायमच्या रंगानं रंगवून घेतले असतील तर तिथून लेझर फिरवायचा नाही. त्यातला लाल-तपकिरी रंग क्षणात काळा पडू शकतो. आपल्याकडच्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवट गोंदण असतं. १०६४ तेही पुसट करतो. कुणाला ते जायला हवं असतं, कुणाला अजिबात नको असतं. विचारून घ्यावं. मग कानामागे किंवा जबड्याशी एक छोटा टेस्ट स्पॉट, आणि निदान तीन-चार आठवडे वाट.

इथलं वेळापत्रक मात्र या सगळ्याच्या विरुद्ध चालतं. लग्न मेमध्ये आणि चौकशी मार्चअखेरीस. शॉटनंतरचा काळेपणा दोन ते चार आठवड्यांनी वर येतो, म्हणजे बरोबर अक्षता पडायच्या वेळी. त्यात मांडवातलं ऊन, खरेदीची धावपळ, फोटोग्राफरचे दिवे. यंत्र हवंच असेल तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी, आणि मलम-सनस्क्रीन त्याच्या दोन महिने आधीपासून. मार्चमध्ये आलेल्या नवरीला एवढंच सांगता येतं: सनस्क्रीन आजपासून, सौम्य मलम डॉक्टरनं दिलं तर तेवढंच, नवीन फेशियल कुठलंही नाही. मेकअप करणारीला वांग आधीच दाखवून ठेवावा. तपकिरी-राखाडी छटेवर आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात दिला की वर फाउंडेशनचे थर लिंपावे लागत नाहीत. आणि हळदीच्या वाटीत कुणी काकू-मावशी उजळपणासाठी लिंबू पिळायला आली तर तिला प्रेमानं अडवावं. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजते आणि त्याचा काळा ओघळ लग्नानंतरही कितीतरी आठवडे हातावर, गळ्यावर तसाच राहतो.